हिरव्या मॅटमधला खळगा

रीळ आपोआप घरंगळलं. खिडकी लावलेली होती, थंडीचे दिवस म्हणून पंखा बंद होता आणि कुणाचा हातही लागला नव्हता. अनुपमानं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ कापायच्या मॅटच्या कडेला आडवं ठेवलं आणि ती पट्टी घ्यायला वळली, तेवढ्यात मागं काहीतरी खरखरलं. पाहते तर रीळ मॅटच्या मधोमध जाऊन थांबलेलं, मागं दोऱ्याची लांब शेपटी सोडून. तिनं ते उचललं, दोरा गुंडाळला, पुन्हा कडेला ठेवलं. रीळ क्षणभर थांबलं, काही आठवल्यासारखं, आणि निघालं. पुन्हा मधोमध. समोरच्या कडेला ठेवलं, तिकडूनही मध्येच. खाली सासूबाईंची पूजा चालली होती; डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्या बसल्या असतील, घंटी अजून वाजली नव्हती. अनुपमानं पोलादी पट्टी मॅटवर उभी धरली, गुडघे टेकले आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणला. पट्टीची दोन्ही टोकं मॅटला चिकटून होती आणि मधल्या भागाखालून उजेडाची एक चपटी फट दिसत होती. एका सुताची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, शिंपी आणि गवंडी दोघंही तेच माप बोलतात. कापड खळग्यात बसलं की तेवढं जास्त कापलं जातं. एक सूत म्हणजे काहीच नाही. पण गोधडीला सहा इंचांचे आठ चौकोन ओळीनं जोडले की आठ सुतं होतात, आठ सुतांचा एक इंच, आणि एका इंचानं गोधडीचं पोट सुटतं. म्हणजे तुकडे जोडणाऱ्या चतुराबाई —

इथं तिनं विचार कापला आणि नवऱ्याला फोन लावला. राजशेखर सकाळच्या गाडीनं पूर्णेला कामावर गेलेला, मागं कुठलं तरी इंजिन ओरडत होतं. "मॅट वाकलीय," ती म्हणाली. "काय वाकलंय?" "कापायची मॅट. हिरवी." "मग नवीन घे की. त्यात काय विचारायचं?" बरोबर होतं. त्यात काय विचारायचं. सहा वर्षांपूर्वीची मॅट, कधी तरी वाकणारच. पुण्याहून भक्तीनं, तिच्या लेकीनं, ती आणली होती. दोन फूट बाय तीन फुटांचा हिरवा, जाड, रबरासारखा लागणारा तक्ता, वर पांढऱ्या रेघांची जाळी. हिच्यावर कापड पसरायचं, पट्टी दाबून धरायची आणि गोल पात्याचा कटर ओढायचा. पातं मॅटमध्ये थोडं शिरतं आणि मॅट तो काप आपला आपणच मिटवून टाकते. "बघ आई, काही दिसतंय का?" भक्तीनं पहिला काप मारून विचारलं होतं, आणि खरंच काही दिसत नव्हतं. पत्र्याच्या त्या वरच्या खोलीत त्या दिवशी चतुराबाईही होत्या. त्या वाकून पाहात होत्या, मग त्यांनी काप गेला होता तिथं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दिसत न्हाई. पन लागतंय हाताला." सगळे हसले होते. अनुपमा जास्त. भक्तीचा निरोप आता फोनवर आला, बापानंच तिला सांगितलं असणार. पाच थरांची घे, तीन थरांची नको. आणि उन्हात ठेवू नको हं. अनुपमानं फोन पालथा घातला.

उन्हात ठेवू नको.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. परभणीचा एप्रिल, वरच्या खोलीत दुपारी पाय टाकवत नाही, पत्रा कडकड वाजतो. सासूबाईंनी, उमादेवींनी, ज्वारीचे पापड घातले होते आणि गच्चीवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं उडायला लागला, म्हणून त्यांनी न विचारता ही मॅट उचलून नेली आणि तिच्यावर पापड वाळत घातले. एका रेघेत सहा, दुसऱ्या रेघेत सहा. संध्याकाळी अनुपमा वर गेली तर मॅट गरम भाकरीसारखी, मध्ये बसलेली. ती बोलली होती सासूबाईंना. काय बोलली होती? "आत्याबाई, ही काय पापडं घालायची वस्तू आहे का?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "मला काय म्हाईत बाई, सपाट दिसली, घेतली." मग तिनं मॅट धुतली, दोन दिवस गादीखाली दाबून ठेवली आणि काढली तेव्हा ती सपाट झाली होती.

असं नव्हतं.

म्हणजे पापड होते, ऊन होतं, मॅट गरम होती. पण न विचारता नव्हतं. सासूबाई खालून ओरडल्या होत्या, "अनू, तुझं ते हिरवं घेऊ का गं?" आणि ती वर कापड मोजत होती, फोन खांद्यावर दाबून पुण्याच्या गिऱ्हाइकाशी बोलत होती, तिनं हातानंच खूण केली, घ्या. हाताची खूण जिन्याखाली दिसत नाही; म्हणून तोंडानंही म्हणाली असेल. "घ्या की." हो, म्हणाली होती. आणि गादीखालून काढल्यावर सपाट झाली होती हे तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तिनं टेबलावर टाकली, वरून पाहिली, रेघा सरळ दिसल्या. वरून पाहिलं की रेघा सरळच दिसतात.

घंटी वाजली. खालून हाक आली, "अनू, काय गडगडायलंय गं वर?" "रीळ पडलं, आत्याबाई." "उचल मग." तिनं रीळ उचललं आणि पर्समध्ये टाकलं. का टाकलं ते तिला कळलं नाही.

मापासाठी जुनी मॅट सोबत असलेली बरी, म्हणून तिनं ती दोन पुठ्ठ्यांत घालून सुतळीनं बांधली आणि रिक्षा केली. रिक्षात मॅट आडवी बसेना, उभी धरली तर तोंडासमोर भिंत. उरुसाचे पाळणे उभे राहायला लागले होते, लोखंडाचे सांगाडे, पाळणे अजून टांगायचे होते. ती पुठ्ठ्याच्या कडेनं पाहात होती आणि डोक्यात चतुराबाईंची बोटं चालत होती. चतुराबाई पिंगळीच्या. सहा वर्षं सकाळच्या पॅसेंजरनं येत, डब्यात भाकरी आणि ठेचा, कमरेच्या पिशवीत सुया. अनुपमा कापायची, चतुराबाई तुकडे जोडायच्या आणि वरून धावदोरा घालायच्या, असा धावदोरा की पुण्याच्या बायका फोटो मागवून मोठा करून पाहायच्या. अनुपमाकडं येण्याआधी त्यांनी आयुष्यभर जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवल्या, त्यांना इंच माहीत नव्हता. वीत आणि बोटं, बस. सहा इंच म्हणजे त्यांच्या हिशेबी एक वीत, त्यात तीन बोटं कमी. अनुपमाला हे फार आवडायचं; गिऱ्हाइकांना ती कौतुकानं सांगायची, आमच्या मावशी बोटांनी मोजतात. सांगायची आणि मग मॅटवर मोजून घ्यायची.

पावसाळ्यात पुण्याच्या एका बाईनं बाळाची गोधडी परत पाठवली. फोटोत दिसत होतंच, मध्ये फुगलेली, बाळाखाली टाकली तर बाळ कलंडावं अशी. पाठोपाठ दुसरी. अनुपमानं दोन्ही टेबलावर अंथरल्या आणि हातानं दाबत राहिली, पोट इकडून दाबलं की तिकडून वर यायचं. चतुराबाई बाजूला उभ्या. मग त्यांनी कापून ठेवलेल्या तुकड्यांतला एक उचलला, त्यावर वीत धरली, तीन बोटं मुडपली. "ताई, ह्यो तुकडा मोठा हाय." "कशावरून?" "नखभर जास्त हाय. ह्यो बी. आन् ह्यो बी. मधला समदाच मोठा हाय." अनुपमानं तुकडा त्यांच्या हातातून घेतला — हिसकावला नाही, घेतला — आणि मॅटवर, जिथं तो कापला होता तिथंच, मधोमध ठेवला. सहाच्या रेघेवर सहा. इकडून सहा, तिकडून सहा. "बघा मावशी. मॅट कशाला खोटं बोलेल?"

चतुराबाई बराच वेळ पाहात राहिल्या. डोळे बारीक केले, लांब गेल्या, जवळ आल्या. रेघा बरोबर होत्या. मग म्हणाल्या, "मंग माझेच डोळे गेले आसतील."

आणि अनुपमा म्हणाली, "असेल."

तेवढंच. एक शब्द. त्यात शिवी नव्हती, आवाज चढलेला नव्हता, चहासुद्धा नंतर नेहमीसारखाच झाला होता. त्यानंतर चतुराबाई दोन दिवस आल्या, सुई ओवायला शेजारच्या पोरींना सांगू लागल्या, टाके घालून पुन्हा उसवू लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या सुनेचा, गीताबाईचा, फोन आला. "ताई, मामीला दिसंना झालंय. त्या येत न्हाईत आता." अनुपमा म्हणाली, काळजी घ्या म्हणावं, काही लागलं तर सांगा. आणि तुकडे मशीनवर जोडायला लागली. मशीनच्या खालचे दात जास्तीचं कापड ओढून खाऊन टाकतात, सुताचा फरक शिवणीत जिरतो. पुढची एकही गोधडी फुगली नाही. बघ, ती स्वतःला म्हणाली होती. बघ म्हणजे काय? मावशींचाच दोष होता हे सिद्ध झालं असं. तिला बरं वाटलं होतं. हे आठवलं आणि रिक्षात तिच्या मानेवर घाम आला, जानेवारीत.

शिवलिंगअप्पांचं दुकान स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत. बटनं, चेन, अस्तर, मशीनचे पट्टे, शाळेच्या पोरांची कार्यानुभवाची सामग्री, सगळं एकावर एक. अप्पांच्या कपाळावर भस्माची तीन बोटं, दुपारपर्यंत त्यातलं दीड बोट उरतं. त्यांनी तीन मॅटी काढल्या. पहिली निळी, वहीएवढी. "ही पोरायची. कागद कापायला." ती बाजूला गेली. दुसरी हिरवी, हुबेहूब जुनीसारखी, तेच इंच, त्याच तिरक्या रेघा. तिसरी करडी, जाड, जड. एका बाजूला रेघा, दुसरी बाजू कोरी. "पाच थर हायेत हिच्यात," अप्पा म्हणाले. "मोडायची न्हाई, वाकायची न्हाई." अनुपमानं हिरवीवर हात ठेवला. ही घेतली तर वरच्या खोलीत काहीच बदललेलं दिसणार नाही. टेबल तेच, हिरवा तोच, जुनी मॅट भंगारवाल्याला. रीळ ठेवलं तर ठेवलं तिथं राहील. मग करडीवर हात ठेवला. ही वेगळी दिसेल. सासूबाई विचारतील, हिरवीला काय झालं गं? म्हणून हिरवी बरी. पण हिरवी तीन थरांची, पुन्हा वाकेल, पुन्हा कुणाचे तरी — म्हणून करडी. तिनं पर्समधून रीळ काढलं आणि हिरवीच्या कडेला ठेवलं. हललं नाही. करडीवर ठेवलं. हललं नाही. पुन्हा हिरवीवर.

"वैनी, मॅट बघायलाव का रीळ?" अप्पांनी विचारलं.

"सपाट आहे का बघायलेय."

"दुकानात समदं सपाटच आसतं. घरी गेल्यावर वाकतंय." ते हसले. मग जुन्या मॅटचा पुठ्ठा बाजूला करून त्यांनी अंगठ्यानं मध्ये दाबलं. "हिला ऊन लागलं काय?"

"नाही," ती म्हणाली. इतक्या पटकन की अप्पांनी वर पाहिलं.

"आसंच इचारलं. आपलं परभनीचं ऊन, मानूस वाकतंय, हे तर पिलॅस्टिक." त्यांनी पुठ्ठा परत सारला. "चतुराबाई कशा हायेत? हल्ली दिसनात."

"गावीच असतात. डोळ्यांना कमी दिसतंय."

"ते म्हनल्या मला बी. दिवाळीच्या आधी आल्त्या इथं, सुयांचं पाकीट परत द्यायला. म्हनल्या, अप्पा, हे घ्या, मला काय उपेगाचं न्हाई आता, डोळे गेले. मी म्हनलं, आवो बाई, पाकीट उघडंच हाय, परत कसं घेऊ? तर म्हनल्या, पैशे नको, निस्तं घ्या. घरात ठिवलं की हात जातोय तिकडं." अप्पांनी गल्ल्याखालून हात घालून पाकीट काढलं, काळ्या कागदाचं, आत पाचसहा सुया. "आन् गंमत सांगू का वैनी? पाकीट देता देता ह्यातली एक काढून मला दावली. म्हनल्या, अप्पा, ही नऊ नंबरच्यात सात नंबरची आलीय बघा चुकून. मी चष्मा लावून बघितलं. खरंच सातची, केसभर जाड. आता बोला."

काउंटरवरच्या काचेखाली बटनं होती, रंगांच्या ओळी, आणि त्या ओळी हलत असल्यासारख्या वाटत होत्या. तिनं पाकीट मागितलं. अप्पांनी दिलं.

"कंची देऊ मग? हिरवी का करडी?"

"कळंना झालंय."

"दोन्ही न्या. बघा घरी टाकून, पसंत पडंल ती ठिवा, दुसरी आना परत. पन एक करा, गुंडाळू नका. गुंडाळली की ती पुन्हा सरळ होत न्हाई, मग मी घेनार न्हाई." दोन नव्या आणि तिची जुनी अशा तिन्ही मॅटी त्यांनी एकावर एक ठेवल्या, जुनी सगळ्यात खाली, दोन्ही अंगांना पुठ्ठे, वरून सुतळीची फुली.

दुकानातून ती डावीकडं वळली तर घर होतं. उजवीकडं स्टेशन. ती बराच वेळ उभी राहिली, तिन्ही मॅटी पायाशी टेकवून, एक हात वर, दाराची फळी धरून उभं राहावं तसं. घरी जाऊन आधी हिरवी टाकून बघावी. उद्या जावं. फोन करावा गीताबाईला, फोनवर सांगावं, की मावशींना म्हणावं — काय म्हणावं? मॅट वाकली होती. मग कधी वाकली ते विचारतील. फोनवर कुणी कधी वाकली असं विचारत नाही, फोनवर लोक बरं बरं म्हणतात. म्हणून फोन सोपा होता. गुंडाळता आली असती तर काखेत मारून कुठंही गेली असती, कुणाला दिसलं नसतं. ती उजवीकडं वळली.

पॅसेंजरच्या डब्यात मॅटी दाराशी उभ्या ठेवून ती त्यांना धरून उभी राहिली. भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका बाईनं विचारलं, "ताई, क्यारम हाय का?" "नाही." "मंग? आरसा?" "कापड कापायचा पाट." "एवढा मोठा? किती जनींचं कापता?" बाकीच्या हसल्या. "दोघी होतो," अनुपमा म्हणाली आणि बाहेर बघू लागली. तुरी काढून झालेली रानं, कडेला पऱ्हाट्यांचे ढीग. चतुराबाई सहा वर्षं याच डब्यातून आल्या, रोज उलट दिशेनं. एकदा तिनं विचारलं होतं, मावशी, गाडीत काय करता एवढा वेळ? तर म्हणाल्या होत्या, एवढा कुठं, दोन टाके घातले की परभनी येतंय. आता हात मांडीवर ठेवून त्या काय करत असतील. घरात ठिवलं की हात जातोय तिकडं. आणि तरीही हिच्या मनात एक बारीक, चिवट गोष्ट वळवळत होती: की कदाचित डोळे खरंच गेले असतील. वय झालंच आहे. मॅट वाकली होती आणि डोळेही गेले होते, दोन्ही खरं असू शकतं, आणि तसं असलं तर —

तिला स्वतःची शिसारी आली. ती प्रार्थना करत होती. म्हातारीला दिसू नये म्हणून.

आणि एप्रिल पुन्हा आला, पिंगळीचं स्टेशन दिसायला लागलं तेव्हा. "अनू, तुझं ते हिरवं घेऊ का गं?" असं सासूबाई म्हणाल्याच नव्हत्या. सासूबाई गच्चीवरून नुसत्या म्हणाल्या होत्या, कागद उडायलाय, आता कशावर घालू? आणि हिनं फोन बाजूला धरून गच्चीकडं आवाज दिला होता, "माझी मॅट न्या, आत्याबाई. रेघा आहेत तिच्यावर, पापडं ओळीत बसतील." हे हिनं सुचवलं होतं. हसून. सगळं अगदी स्पष्ट होतं, उन्हाचा वाससुद्धा. नंतरचं ते आत्याबाईंना बोलणंही खरं होतं. आपण सुचवलं हे विसरून ती बोलली होती, आणि सासूबाईंनी आठवण करून दिली नव्हती. मला काय म्हाईत बाई, सपाट दिसली, घेतली. त्यांनी अंगावर घेतलं होतं. सगळ्याजणी अंगावर घेतात. हिची पहिली चूक सासूबाईंनी घेतली, दुसरी चतुराबाईंनी.

चतुराबाई ओट्यावर उन्हाला बसलेल्या होत्या. हात मांडीवर, तळवे वर, कुणी काही ठेवेल म्हणून उघडे ठेवल्यासारखे. गीताबाई पलीकडं सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होती. "आगं बाई, परभनीच्या ताई," ती उठली. "मामी, ताई आल्यात."

"दिसल्या की," चतुराबाई म्हणाल्या. मग सावरून, "म्हंजी, आवाज आला. या. काय आनलं एवढं?"

"मॅटी आहेत. नवी घ्यायचीय, मला निवड करता येईना."

"आन् मला इचारायला आलाव? आंधळीला?" त्या हसल्या, गीताबाईही हसली. "हिला इचारा. आता समदं हीच बघती. सूप बी काढून घेतलं माझ्या हातातनं. म्हनती भाकरीत खडा लागतोय."

"लागला व्हता की मामी, दाढ हालली ह्यांची."

अनुपमानं सुतळी सोडली आणि तिन्ही मॅटी ओट्यावर शेजारी शेजारी मांडल्या. काही सांगितलं नाही. चतुराबाईंनी हात पुढं केला, डोळे समोरच्या लिंबाच्या झाडाकडं, आणि तळवा पहिल्या मॅटवरून फिरवला, भाकरी थापताना फिरवतात तसा. "ही हलकी हाय." करडीवर. "ही बरी. दगडासारकी बसली." मग जुनीवर. हात कडेकडून मध्ये आला आणि थांबला. पुन्हा कडेला गेला, पुन्हा मध्ये आला. मग त्यांनी पाहिलं. झाडाकडं नाही, मॅटकडं, आणि मग अनुपमाकडं. ते डोळे कुठंही गेलेले नव्हते.

"ही आपली हाय."

"हो."

"हिच्यात खळगा हाय."

"हो, मावशी."

"कधीपास्नं?"

गीताबाईचं सूप थांबलं. अनुपमाला वाटलं, आज सकाळी कळलं, एवढं म्हणावं, ते खोटं नाही. "एप्रिलपासून," ती म्हणाली. "मी उन्हात ठेवली होती, पापडं घालायला. मीच. मी कापलेले तुकडे मोठेच होते. नखभर."

"मंग तवा..." चतुराबाईंनी वीत उघडली, तीन बोटं मुडपली, तशीच हवेत धरली. "तवा तुमाला म्हाईत व्हतं?"

"ऊन लागलं ते माहीत होतं. वाकली ते... बघितलं नाही मी. बघितलं असतं तर दिसलं असतं."

अनुपमानं पर्समधून सुयांचं काळं पाकीट काढलं आणि ओट्यावर ठेवलं. चतुराबाईंनी त्याला हात लावला नाही. आपले तळवे पाहात राहिल्या. चार महिने त्यांनी पाऊल चाचपून टाकलं होतं, माणसं आवाजावरून ओळखली होती. मग मान वळवून म्हणाल्या, "गीता, सूप आन हिकडं."

"मामी, खडं जातेल..."

"आन म्हनलं ना."

सूप मांडीवर आलं. चतुराबाई वाकल्या, नाक ज्वारीला लागेल एवढ्या, मग हळूहळू पाठ सरळ करत गेल्या आणि नेहमीच्या अंतरावर थांबल्या. बोटं दाण्यांत फिरली. पहिल्यांदा दाणाच उचलला, पाहिला, परत टाकला. दुसऱ्यांदाही दाणाच. गीताबाई पुढं झाली, तेव्हा अनुपमानं तिचा हात धरला. तिसऱ्यांदा खडा निघाला, मुगाच्या डाळीएवढा, ज्वारीच्याच रंगाचा. चतुराबाईंनी तो बाजूला टाकला. बाजूला जुनी मॅट होती. टक् वाजलं आणि खडा किंचित सरकून मध्ये गेला.

"ती करडी ठिवून जावा हितं," त्या सुपातून डोळे न काढता म्हणाल्या. "कोरी बाजू वर करून. आन् कापड हितंच पाठवा. कापायचं आता मी बघते. शिवा तुमी."

"मला तुमच्यासारखा धावदोरा येत नाही, मावशी."

"मंग उसवायचा."

दुसरा खडा. टक्. पूर्णेकडून गाडीची शिट्टी ऐकू आली, परतीची पॅसेंजर. गीताबाई म्हणाली, "ताई, गाडी आली तुमची." अनुपमा उठली नाही. तिनं काळ्या पाकिटातून नऊ नंबरची एक सुई काढली, पर्समधलं रीळ काढलं, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि सुई उन्हाकडं धरली. दोरा नेढ्याच्या बाजूनं गेला. पुन्हा ओलं केलं, पुन्हा बाजूनं गेला. चतुराबाईंनी एकदा तिकडं पाहिलं, सगळं दिसलं त्यांना, आणि मदतीला हात पुढं न करता त्या पुन्हा सुपात वाकल्या. तिसरा खडा पडला, चौथा. एकेक करून ते मॅटच्या मधोमध गोळा होत होते, आणि गाडी थांबून, निघून, पिंगळीच्या पुढं गेली तरी चतुराबाईंचं निवडणं चाललंच होतं.